गोळीआधी पडलेला माणूस

पन्नास वर्षे परीक्षणे लिहिणाऱ्या माणसाने स्वतःच्या चुका मोजू नयेत. मोजल्या तर पुढचे परीक्षण त्याच्या हातून होत नाही. तरी एक चूक यंदाच्या दिवाळीत कबूल करून टाकावी म्हणतो. ती कुठे छापून आली नाही, म्हणून आजवर झाकून राहिली. १९८२ च्या जानेवारीत मी ती एका निळ्या हवाई पत्रावर लिहिली आणि स्वतःच्या हाताने टपालपेटीत टाकली. पत्र होते धाकट्या बहिणीला, इंग्लंडमध्ये लेस्टरला.

बहीण १९७४ साली लग्न होऊन तिकडे गेली. तिची पत्रे एका ठरलेल्या वळणाची असत. थंडी, मेहुण्यांची रात्रपाळी, मुलाचा खोकला, आणि कोथिंबिरीचा भाव. त्या जानेवारीतल्या पत्रात यांतले काहीच नव्हते. दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरात भरलेली चार पाने, आणि विषय काय, तर टेलिव्हिजनवरची एक मालिका! "दादा, सगळ्यांना मारलं रे," अशी सुरुवात होती. "नाताळ चार दिवसांवर आलेला आणि ह्यांनी एकूणएक माणसं मारून टाकली." बहीण तेव्हा होजिअरीच्या कारखान्यात शिवणकाम करी. दुसऱ्या दिवशी शेजारच्या यंत्रावरची इंग्रज बाई दुपारच्या चहापर्यंत कुणाशी बोलली नाही, असेही तिने लिहिले होते.

मी तेव्हा ऐन उमेदीत होतो. भासाचे 'ऊरुभंग' नुकतेच शिकवून झाले होते. संस्कृत नाटककारांनी रंगभूमीवरचे मरण टाळले, भरतवाक्याशिवाय पडदा पाडला नाही, आणि त्यामुळे आपला प्रेक्षक शेवट गोड मागण्याच्या सवयीचा झाला, हा माझा त्या काळचा आवडता सिद्धांत. तो मी बहिणीला ऐकवला. शोकान्तिका पचवायला रसिकाचे मन प्रौढ व्हावे लागते, आवडती पात्रे जिवंतच राहावीत हा हट्ट बालिश आहे, असे बरेच काही लिहिले. मालिका मी पाहिलेली नव्हती. पुण्यात आमच्या घरी तेव्हा एकच वाहिनी दिसे, तीही काळ्यापांढऱ्या रंगात. न पाहिलेल्या नाटकाचे परीक्षण करणाऱ्याला आम्ही मंडळी खासगीत काय म्हणतो, ते या अंकात छापता येणार नाही.

बहिणीने त्यावर उत्तर दिले नाही. पुढच्या पत्रात कोथिंबीर परत आली.

गेल्या पावसाळ्यात नातीने कुठूनशा त्या मालिकेच्या तबकड्या पैदा केल्या, आणि आम्ही दोघांनी रोज रात्री जेवणानंतर एक भाग असे करत सगळे बावन्न भाग पाहिले. मालिकेचे नाव 'ब्लेक्स सेव्हन'. बी.बी.सी.ने ती २ जानेवारी १९७८ ला सुरू केली आणि २१ डिसेंबर १९८१ ला, सोमवारी संध्याकाळी, संपवली. चार पर्वे, प्रत्येक पर्वाचे तेरा भाग. कल्पना टेरी नेशन यांची. 'डॉक्टर हू'मधले डेलेक हे यंत्रराक्षसही त्यांच्याच डोक्यातून निघालेले. पहिल्या पर्वाचे तेराही भाग त्यांनी एकट्याने लिहिले.

दूरच्या भविष्यात एका जुलमी राज्यसंघाची सत्ता ग्रहाग्रहांवर पसरली आहे. ब्लेक हा तिच्याविरुद्ध उठलेला माणूस. सत्तेने त्याची स्मृती पुसली. तेवढ्याने भागले नाही तेव्हा खोटा आरोप ठेवून कैद्यांच्या ग्रहावर धाडले. ज्या जहाजातून धाडले त्याचे नाव 'लंडन', हा बारकावा मला फार आवडला. वाटेत त्याला सोबती मिळतात ते क्रांतिकारक नव्हेत. व्हिला हा भित्रा, विनोदी आणि कसबी चोर. जेना ही तस्करी करणारी. आणि अ‍ॅव्हॉन हा संगणकाच्या साहाय्याने अफरातफर करताना सापडलेला बुद्धिमान, तुसडा गृहस्थ. पुठ्ठ्याच्या भिंती हलताना दिसतात. परके ग्रह पुष्कळदा दगडांच्या खाणीत चित्रित केलेले. पहिले दोन भाग नातीला हसू आवरेना. पाचव्या-सहाव्या भागापासून ती हसायची थांबली.

दोन पर्वांनंतर ब्लेकचे काम करणारे गॅरेथ टॉमस मालिका सोडून गेले. नायक गायब झाला, नाव मात्र तेच राहिले. 'सौभद्रा'त सुभद्राच नसावी तसे. पुढची दोन पर्वे अ‍ॅव्हॉनची. पॉल डॅरो यांनी हा माणूस असा उभा केला आहे, की त्याच्यावर विश्वास ठेवावा असे कधी वाटत नाही आणि त्याच्यावरून नजरही हलत नाही. शेवटाच्या दोनच आठवडे आधीचा एक भाग आहे, 'ऑर्बिट' नावाचा. यान वर उचलले जात नाही, वजन कमी करायला हवे. शेवटचे सत्तर किलो काही केल्या निघत नाहीत. ओरॅक हा पारदर्शक पेटीतला संगणक थंडपणे सांगतो, की व्हिलाचे वजन त्र्याहत्तर किलो आहे. आणि अ‍ॅव्हॉन हातात पिस्तूल घेऊन, गोड आवाजात हाका मारत, आपल्या सोबत्याला शोधायला निघतो. व्हिला अंधारात तोंड दाबून बसलेला. त्या रात्री नात काही न बोलता झोपायला गेली.

असा माणूस अखेरच्या भागात ब्लेकला शोधत गौडा प्राइमवर पोचतो. (नाव ग्रहाचे आहे, बेळगावकडच्या वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये.) ब्लेक तिथे इनामासाठी गुन्हेगार पकडणाऱ्याचे सोंग घेऊन राहिला आहे. येणाऱ्या प्रत्येकाची निष्ठा पारखायची आणि मगच त्याला आपल्यात घ्यायचे, ही त्याची नवी रीत. अ‍ॅव्हॉनच्या टोळीतला टॅरंट आधी त्याच्या हाती लागतो, पारख अंगावर आल्यामुळे ब्लेक फितूर झाला असे समजतो आणि तसे अ‍ॅव्हॉनला सांगतो. ब्लेक दोन्ही हात मोकळे ठेवून पुढे येतो. हे सारे मीच घडवून आणले, तुझी वाट पाहत होतो, अशा अर्थाचे तो काही बोलतो. त्या बोलण्याचे दोन अर्थ होतात. अ‍ॅव्हॉन नेमका वाईट अर्थ घेतो आणि तीन गोळ्या झाडतो.

इथपर्यंत ख्रिस बाऊचर यांच्या लेखनाला मी उभा राहून दाद देईन. हा या मालिकेचे संहिता-संपादन पहिल्यापासून करणारा लेखक, आणि चार वर्षांचा सगळा संशय त्याने त्या एका वाक्याच्या दुहेरी अर्थात भरला आहे. ब्लेक मरतो तो स्वतःच्या पारखण्याच्या सवयीने. अ‍ॅव्हॉन मारतो तो, त्याने ज्याच्यावर विश्वास ठेवला असा बहुधा एकटाच माणूस. भास असता तर त्याने इथेच थांबून प्रेताला बोलते केले असते.

पण भाग इथे थांबत नाही. ब्लेकने आपल्यात घेतलेली एक बाई शत्रूची अधिकारी निघते. ती डेना या मुलीला गोळी घालते. व्हिला आपण अगदी निरुपद्रवी असल्याचा बहाणा करतो आणि संधी साधून त्या बाईला लोळवतो. लगेच तोही पडतो. मग सूलिन, मग टॅरंट. एकेक जण विटीसारखा उडतो. सैनिक कोंडाळे करतात, अ‍ॅव्हॉन ब्लेकच्या देहावर पाय फाकून उभा राहतो, बंदूक उचलतो, कॅमेऱ्याकडे पाहून हसतो. पडदा काळा होतो आणि नामावलीवर गोळ्यांचे आवाज येतात.

हे पाहून झाल्यावर मी बहिणीचे ते जुने पत्र ट्रंकेतून काढले. पहिली ओळ सोडली तर त्यात रडणे नव्हतेच. एकदाच पाहिलेल्या भागाविषयी, घरात तो पुन्हा पाहण्याचे कोणतेही यंत्र नसताना, तिने लिहिले होते: "रक्त फक्त ब्लेकच्या अंगावर दिसलं. बाकीच्यांच्या कपड्यांवर डागसुद्धा नाही. ओरॅकला अ‍ॅव्हॉनने आधीच कुठंतरी लपवलाय, तो कुणालाच सापडला नाही. आणि व्हिला गोळी लागायच्या आधी पडला असं मला वाटतं. भित्रा माणूस आधीच पडतो, दादा."

एवढे मुद्दे समोर असताना मी तिला प्रौढ व्हायला सांगितले होते.

रक्ताचा खुलासा पुढे झाला. परत येताना गॅरेथ टॉमस यांनी अट घातली होती, की या वेळी ब्लेक असा मरावा की कुणाला शंका राहू नये. म्हणून त्याला रक्त मिळाले. बाकीच्यांना मिळाले नाही, कारण पाचवे पर्व निघालेच तर कोण परत येईल याची वाट मोकळी ठेवायची होती. त्यामागेही एक आठवण होती. १९८० च्या मार्चअखेरीस तिसरे पर्व हेच शेवटचे समजून कर्त्यांनी अवकाशयानही नष्ट केले. आणि त्याच रात्री नामावली सरकत असताना निवेदकाने मालिका पुन्हा येणार असल्याचे जाहीर केले! कामे करणारेही चकित झाले. एकदा असा फटका बसल्यावर दुसऱ्यांदा दार अर्धवट लावून ठेवणे माणसाच्या स्वभावाला धरूनच झाले.

पण प्रेक्षकाच्या वाट्याला काय आले? ब्लेकचे मरण त्याला मानावेच लागले. इतरांचे मरण मात्र ना धड मरण ना धड जगणे. पाचवे पर्व निघाले नाही आणि दार तसेच राहिले. इंग्लंडातल्या आणि अमेरिकेतल्या चाहत्यांनी त्यातून आत पाऊल टाकले. टंकलिखित, चक्रमुद्रित नियतकालिकांतून ते गोष्टी लिहू लागले. आमच्या कॉलेजात हस्तलिखित वार्षिके निघत, त्यांची आठवण व्हावी असा तो प्रकार. त्यांत 'गौडा प्राइमनंतर' असा कथांचा स्वतंत्र वर्गच पडला. १९८४ साली टोनी अ‍ॅटवुड यांनी 'आफ्टरलाइफ' नावाची कादंबरी लिहिली. खुद्द डॅरो यांनी २०१३ साली, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, आपल्या अ‍ॅव्हॉनला एका पुस्तकात जगवले. उलट, असा धीट शेवट टेलिव्हिजनने पुन्हा केला नाही, त्याला हात लावू नका, असे म्हणणाराही चाहत्यांचा एक पक्ष आहे, आणि दोघांचे भांडण चाळीस वर्षांनंतरही मिटलेले नाही.

मी कोणत्या पक्षाचा? ब्लेकच्या मरणापुरता दुसऱ्या पक्षाचा. त्यानंतरच्या पडापडीपुरता पहिल्या. शेवटची ती धांदल शोकान्तिका नव्हे. ती कर्त्यांची अडचण आहे, आणि शोकान्तिकेचा पोशाख घालून समोर आली म्हणून मान्यवरांनी तिला नमस्कार केला. ज्यांनी डाग शोधले, पडण्याचा क्रम लावला, त्यांनी ही अडचण कर्त्यांनी कबूल करण्याआधी ओळखली होती. बारकाईने वाचणे म्हणजे याहून निराळे काय असते, ते आम्हा समीक्षकांना विचारून पाहावे.

हे सगळे मी बहिणीला फोनवर सांगितले. ती आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी पण तेव्हा एक वही लिहायला घेतली होती. तुझं पत्र आलं आणि ठेवून दिली."

भाच्याने वहीच्या पानांची छायाचित्रे फोनवरून पाठवली. तेवीस पाने, मराठीत, शाईने. तिने ब्लेकला जिवंत केले नव्हते. पहिल्याच पानावर कुणीतरी त्याचे डोळे मिटते, आणि ते कोण हे ती सांगत नाही. व्हिला आधी उठतो. सैनिक बाहेर गेलेले. तो डेनाला ओढत भिंतीशी नेतो, टॅरंटच्या तोंडावर पाणी मारतो, रानात जाऊन ओरॅक शोधून आणतो. मग तो अ‍ॅव्हॉनपाशी येतो. अ‍ॅव्हॉनचा श्वास चालू आहे. बाहेर उभे असलेले यान लहान आहे आणि ओरॅक सांगतो, की सगळ्यांचे वजन त्याला पेलणार नाही. व्हिला अ‍ॅव्हॉनकडे पाहत उभा राहतो. तेविसावे पान इथे, अर्ध्या ओळीवर संपते.

मी लगेच फोन लावला. "पुढे काय?" म्हटले. "त्याला उचलतो की नाही?"

"शेवट हवाच का रे दादा, तुला?"

"अगं, तसं नव्हे. पण काहीतरी ठरवलं असशील की."

"तेव्हा ठरलं होतं. आता आठवत नाही," ती म्हणाली. "थांब, कढई तापलीय, चकल्या सोडायच्यात. भाऊबीजेला फोन कर. तोवर बघते."