खांब आणि स्तंभ : एक शब्दविचार

अलीकडच्या गौरवग्रंथांतून व समीक्षालेखांतून ‘आधारस्तंभ’ हा शब्द इतक्या उदारपणे वापरला जातो की, तो नेमका काय सांगतो हे तपासणे आम्हांस अगत्याचे वाटते. संस्थेचे खजिनदार आधारस्तंभ, देणगीदार आधारस्तंभ, आणि एखाद्या कादंबरीतील संवाददेखील आधारस्तंभच! मुळात ‘स्तंभा’ला ‘आधार’ हे पद का जोडावे लागले?

आमच्या मते याचे कारण असे की, स्तंभ म्हटला म्हणजे तो भार वाहतोच असे नाही. सारनाथचा अशोकस्तंभ कोणतेही छप्पर पेलण्यासाठी उभारलेला नव्हता. चितोडगडावर राणा कुंभाने १५ व्या शतकात बांधविलेला विजयस्तंभ तर ९ मजल्यांचा मनोराच आहे. गोमंतकात मंगेशीच्या देवळापुढील दीपस्तंभ ७ मजली आहे. तो दिवे धरतो, छत नव्हे. स्मरण, विजय, भक्ती यांची खूण म्हणून स्तंभ एकटा उभा राहू शकतो.

खांबास ही मोकळीक नाही. जुन्या वाड्यातील लाकडी खांब पाहावा. पायाशी दगडी तळखडा, माथ्यावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या आणि पाट. भिंत पुष्कळदा नुसती भरणीची असते. मजल्याचे ओझे या सांगाड्यावरच असते. दोन खांबांमधील अंतर तो ‘खण’, आणि घर किती मोठे हेही आपण खणांतच सांगत आलो. सुरूदार खांबावर नक्षी कितीही असो, शोभेची वस्तू म्हणून तो काढून नेता येत नाही.

बोलभाषेने हा भेद चोख सांभाळला आहे. एकाच माणसावर चाललेल्या संस्थेस आपण ‘एकखांबी तंबू’ म्हणतो. खांब काढला की तंबू कोसळतो, हे त्यात न सांगता आले. ‘मुहूर्तमेढ रोवणे’ यातली मेढ म्हणजे जमिनीत रोवायचा खांबच; म्हणून ‘मुहूर्तमेढ बांधली’ किंवा ‘मुहूर्तमेढ घातली’ हे प्रयोग आम्हांस खटकतात.

‘खांब’ ग्राम्य आणि ‘स्तंभ’ प्रौढ, असा एक समज अध्यापकांतही आढळतो. तो निराधार आहे. ‘खांब’ हा वैदिक ‘स्कंभ’ या शब्दापासून प्राकृत ‘खंभ’च्या वाटेने आला आहे, आणि अथर्ववेदाच्या १० व्या कांडातील स्कंभसूक्तात सर्व लोकांना धारण करणारे तत्त्व ते हेच. इतके थोर कुळ असलेल्या शब्दाला निबंधाच्या वहीत तांबडी रेघ ओढावी, हे नवलच!

आता समीक्षेतील प्रयोग. एखाद्या गौण पात्रास कादंबरीचा आधारस्तंभ म्हणणाऱ्या समीक्षकाने एवढे दाखवावे की, ते पात्र वगळले असता कथानकाचा कोणता मजला खाली येतो. तसे दाखविता येत नसेल, तर ते पात्र रेखीव आहे, लोभस आहे, असे म्हणावे. त्यात लेखकाची मानहानी नाही. ‘वृत्तपत्र हा लोकशाहीचा चौथा स्तंभ’ या वाक्प्रचाराची कथाही अशीच. इंग्रजीतील मूळ संज्ञेत स्तंभ नाहीच. तेथे समाजाचा चौथा वर्ग अभिप्रेत आहे. ‘स्तंभलेखक’ मात्र आम्ही चालू देऊ. पानावरील त्या उभ्या रकान्याने काही पेलावे, अशी अपेक्षा मुळीच नाही.