'आढळले नाही' म्हणजे काय?

आज आम्ही इयन हॅकिंग यांच्या १९८३ सालच्या 'रिप्रेझेंटिंग अँड इंटरव्हीनिंग' या पुस्तकातल्या सूक्ष्मदर्शकावरच्या प्रकरणाबद्दल बोलणार आहोत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की सूक्ष्मदर्शकात नुसतं बघून भागत नाही, काहीतरी करून बघावं लागतं. वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या उपकरणांतून तीच रचना दिसली, तर ती खरी मानायला हरकत नाही.

दिघीत हे पटवून द्यायला नको. तुमच्यापैकी बरेच जण भोसरी-चाकणच्या कारखान्यांत राबलेले आहात. पोलादाचा नमुना आरशासारखा पॉलिश केला तरी त्यातले कण दिसत नाहीत. नायटल लावलं, की कणांच्या सीमा उमटतात. शरीरातल्या ऊतीचंही तसंच. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा, अल्कोहोलनं पाणी काढायचं, झायलीनमधून मेणात बसवायचा, मायक्रोटोमवर ४-५ मायक्रॉनचे काप घ्यायचे. मग मेण उतरवून रंग द्यायचा. हिमॅटॉक्सिलिननं पेशींची केंद्रकं निळी होतात, इओसिननं बाकीचं गुलाबी.

आमचा आक्षेप इथून पुढे आहे. हॅकिंग यांना चिंता आहे ती दिसलेल्या गोष्टीची. न दिसलेल्या गोष्टीचं काय? रिपोर्टवर तर पुष्कळदा एवढंच असतं: 'जंतू आढळले नाहीत.'

कुष्ठरोगाचं उदाहरण घ्या. मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांनी या रोगाच्या सुरुवातीच्या चट्ट्यांतल्या ऊतींचा बारकाईनं अभ्यास केला होता. हिमॅटॉक्सिलिन-इओसिनच्या स्लाइडवर हा जंतू दिसत नाही. क्षयासाठीची झील-नील्सन पद्धत वापरली, तर तो लाल रंग घेतो खरा, पण नंतरच्या आम्लाच्या धुण्यात सहज सोडूनही देतो. त्याच्या अंगचं मेणासारखं आवरण झायलीननं आधीच कमजोर झालेलं असतं. म्हणून फाइट-फराको पद्धतीत मेण उतरवताना झायलीनमध्ये चक्क शेंगदाण्याचं तेल घालतात, आणि आम्लही सौम्य वापरतात.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या नात्यातल्या एका बाईंच्या कोपराजवळ बधिर चट्टा होता. रिपोर्ट आला, 'जंतू आढळले नाहीत', आणि घर निर्धास्त झालं. कोणता रंग दिला होता, हे आम्ही विचारलंच नाही. जन्मभर ज्ञानमीमांसा शिकवली, तरी नाही. वर्षभरात त्यांची करंगळी वाकली.

आपल्या परंपरेत याला नेमका शब्द आहे: योग्यानुपलब्धी. उजेडात जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून तो नाही असं म्हणता येतं, कारण असता तर दिसला असता. अंधारात तसं म्हणता येत नाही. अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण आहे की नाही, यावर भाट्ट मीमांसक आणि नैयायिक भांडले. पण ही अट दोघांनाही मान्य होती. हॅकिंग यांच्या प्रकरणात आम्हाला तीच सापडत नाही.

आणि योग्य रंग दिला म्हणजे उजेड पडलाच, असंही नाही. या रोगाच्या काही प्रकारांत जंतू इतके थोडे असतात, की चांगल्या स्लाइडवरही हाती लागत नाहीत. बधिर चट्टा हे मात्र स्वतःच मोठं लक्षण आहे. रिपोर्ट कोरा आला म्हणून ते पुसलं जात नाही. औषध आहे, सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं, फक्त वेळेत सुरू व्हायला हवं.

तेव्हा पुढच्या वेळी असा रिपोर्ट हातात आला, तर डॉक्टरांना विचारा: असता तर यात दिसला असता का?

असो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.