करंदीकरांची प्रयोगशीलता : एका आक्षेपाचा विचार

विंदा करंदीकर यांच्या कवितेवर घेतला जाणारा एक आक्षेप अध्यापकांच्या बैठकींतून आम्ही वारंवार ऐकतो. या कवीने इतक्या वाटा धुंडाळल्या की त्याची स्वतःची वाट कोणती हे सांगता येऊ नये. मुक्तसुनीते झाली, तालचित्रे झाली, आततायी अभंग झाले, विरूपिका झाल्या, बालगीतेही झाली. पण ‘करंदीकरी’ असे जे काही म्हणावे ते हाती लागत नाही, असा त्याचा आशय. हा आक्षेप वरवर दिसतो तितका पोकळ नाही, म्हणूनच त्याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम कालक्रम ध्यानात घ्यावा. ‘स्वेदगंगा’ १९४९ मध्ये निघाली. श्रमाची महती गाणारा आणि सामाजिक क्रांतीची आस बाळगणारा तिचा सूर तेव्हाच्या तरुणांना मानवला होता. तोच सूर पुढे दहा-वीस वर्षे आळवीत राहणे या कवीला अवघड नव्हते; व्यासपीठावरून कविता वाचणाऱ्यास तर असा मोह फारच. बापट आणि पाडगावकर यांच्यासमवेत त्यांनी गावोगावी केलेले काव्यवाचन अनेकांच्या स्मरणात आहे. ज्याला श्रोत्यांची दाद समोरासमोर मिळते, त्याला दाद मिळालेली गोष्ट टाकून देणे किती कठीण जाते, हे आमच्याकडील संमेलनांत कविता वाचणाऱ्यांस निराळे सांगावयास नको. (एकच कविता सलग सात संमेलनांत ऐकण्याचा योग ज्यांस आला आहे, त्यांस तर नकोच नको.) करंदीकरांनी ते केले. ‘मृद्गंध’ (१९५४), ‘ध्रुपद’ (१९५९), ‘जातक’ (१९६८) हे संग्रह एकापुढे एक ठेवून वाचले, म्हणजे कवी दर वेळी आपल्याच यशाकडे पाठ फिरवून उभा आहे असे दिसते.

परंतु पाठ फिरविणे म्हणजे परंपरा टाकणे नव्हे. केशवसुतांनी मराठीत रुजविलेल्या सुनीताचे वृत्तबंधन त्यांनी सैल केले. विचाराला मध्येच वळण देण्याची त्याची अंगभूत शक्ती मात्र राखली. अभंगाचे तेच. संतांनी आर्ततेसाठी घडविलेला तो साचा त्यांनी उपहासाला आणि संतापाला दिला. आणि तो साचा वाचकाच्या कानात आधीच घुमत असल्यामुळेच त्या उपहासाला धार चढली. साचा अपरिचित असता, तर विडंबनही बोथट झाले असते.

‘झपताल’ या कवितेपाशी थोडे थांबले पाहिजे. पहाटेपासून घरकामात गुंतलेल्या, अपुऱ्या जागेत संसार ओढणाऱ्या स्त्रीची ही कविता. झपतालाच्या दहा मात्रा, त्यांची दोन-तीन, दोन-तीन अशी विषम वाटणी. आणि इकडे कामांच्या रगाड्यात दिवसाचे तास कसेबसे बसविणारी ती गृहिणी. येथे ताल हे शीर्षकापुरते लावलेले लेणे नाही. त्या स्त्रीच्या ओढाताणीत जी लय आहे, ती ओळखण्याची दृष्टीच तालाने कवीला दिली आहे. स्वयंपाकघराविषयी सहानुभूतीने लिहिलेल्या कविता मराठीत पुष्कळ आहेत. परंतु सहानुभूती दाखविणाऱ्यालाच अचंब्याने आणि काहीशा भयाने स्तब्ध करणारी अशी कविता विरळा.

या कसोटीने पाहता सगळेच प्रयोग सारखे उतरत नाहीत, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. तालचित्रांपैकी काहींत नाद पुढे धावतो आणि अनुभव मागे रखडतो; घाट आधी ठरला आणि आशय त्यात मागाहून ओतला, असा संशय येतो. ‘अष्टदर्शने’ (२००३) मध्ये देकार्तपासून बर्गसाँपर्यंत सात पाश्चात्त्य तत्त्वज्ञ आणि आठवा आपला चार्वाक यांची दर्शने पद्यात मांडण्याचे धाडस वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी कवीने केले. धाडस थोर खरे. पण त्यात कित्येक ठिकाणी विचार समजतो, भिडत नाही.

बालकवितेकडे आमच्या अभ्यासकांनी केलेले दुर्लक्ष मात्र आम्हांस अक्षम्य वाटते. ‘राणीची बाग’ (१९६१) लिहिणारा कवी आणि विरूपिकांचा कवी निराळे नव्हेत. मुलांसाठी लिहिताना विसंगतीकडे निष्पाप कौतुकाने पाहण्याची जी सवय त्याच्या लेखणीस जडली, तीच पुढे ‘विरूपिका’ (१९८१) मध्ये प्रौढांच्या जगावर रोखली गेली. त्याच वर्षी ‘अमृतानुभवा’चे अर्वाचीनीकरणही प्रसिद्ध झाले. एका हाताने ज्ञानदेवांची गहन ओवी आजच्या मराठीत आणावयाची, दुसऱ्या हाताने जगाची वेडीवाकडी रूपे रेखाटावयाची! आक्षेपकांना यात विस्कळीतपणा दिसतो. आम्हांस त्यात एकच बुद्धी दिसते : दिसते तेवढ्यावर विश्वास न ठेवणारी, आणि म्हणून प्रत्येक वस्तू, मग ती अद्वैताची असो की राणीच्या बागेतील प्राण्याची, नव्याने न्याहाळून पाहणारी. ‘करंदीकरी’ म्हणून जे शोधावयाचे ते या न्याहाळण्यात शोधावे. पदवीच्या वर्गात करंदीकर शिकविताना केवळ ‘स्वेदगंगा’ आणि ‘मृद्गंध’ यांतील चार कविता नेमून थांबण्याची प्रथा जेथे असेल, तेथे त्यांच्या जोडीला एखादी विरूपिका आणि एखादे बालगीत ठेवून पाहावे. विद्यार्थी त्या दोहोंतील नाते आपल्याआधी ओळखतील असा आमचा कयास आहे.