तडा गेला तर बिल कोण भरणार?

बांधकाम साहित्यावर पीएचडीचा प्रस्ताव लिहायला घेतलाय? मग तुमच्या आराखड्यात बहुतेक एक प्रश्नावली असेल : "नवीन उत्पादन न वापरण्याची कारणं कोणती? 1 ते 5 गुण द्या." माझ्याही होती. सगळ्यात वर आलं 'माहितीचा अभाव'. मी खूश! गाईडनी एवढंच विचारलं, "कॉन्ट्रॅक्टरला माहिती नाही, हे तुला कॉन्ट्रॅक्टरनेच सांगितलं ना?"

तेव्हापासून मला या पद्धतीबद्दलच शंका आहे. का, ते सांगतो.

अशा अभ्यासांचा पाया बऱ्याचदा एव्हरेट रॉजर्स यांचं 1962 चं 'डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स' हे पुस्तक असतं. नवी गोष्ट किती लवकर पसरेल हे तिचा फायदा, जुन्या सवयींशी मेळ, गुंतागुंत, करून पाहायची सोय आणि परिणाम दिसणं यांवर ठरतं, असं त्यात मांडलंय. पुस्तक वाचाच. पण या विचारामागचा एक गाजलेला अभ्यास आहे रायन आणि ग्रॉस यांचा, 1943 चा : अमेरिकेतल्या आयोवातले शेतकरी आणि संकरित मका. तिथे बियाणं निवडणारा, पेरणारा आणि पीक बुडालं तर सोसणारा माणूस एकच होता. इमारतीत ही तीन वेगवेगळी माणसं असतात. आपण मात्र मक्याची चौकट उचलून भिंतीला लावतो.

एएसी ब्लॉकचं उदाहरण घ्या. हा ब्लॉक विटेपेक्षा कितीतरी हलका. पण तो खास मिश्रणाच्या साधारण 3 मिलीमीटर थरात जोडायचा असतो. गवंड्याचा हात 10-12 मिलीमीटर मालाला सरावलेला, शिवाय विटा भिजवायची सवय. ब्लॉक चिंब भिजवला तर वाळताना आकसतो आणि भिंतीला, गिलाव्याला तडे जातात. मग टोलवाटोलवी सुरू. कंपनी म्हणते काम चुकलं, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो ब्लॉकच खराब, आणि गवंडी कधीच दुसऱ्या साइटवर गेलेला असतो.

आता जबाबदारीचा कागद बघा. 2016 च्या रेरा कायद्याच्या कलम 14(3) नुसार ताबा दिल्यापासून 5 वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. पण बिल्डर-कॉन्ट्रॅक्टर करारात दोषदुरुस्तीची मुदत अनेकदा वर्षभराचीच असते. त्या वर्षात तडा गेला तर खिसा कॉन्ट्रॅक्टरचा. आणि भिंती हलक्या झाल्यामुळे स्टील वाचलं, तर ते वाचतं बिल्डरचं. फायदा एकाचा, धोका दुसऱ्याचा. अशा वेळी कॉन्ट्रॅक्टरने "नको, वीटच बरी" म्हणणं हा अडाणीपणा नाही, हिशोब आहे. त्यावर 'प्रशिक्षण शिबिरे घ्यावीत' अशी शिफारस करून आपण प्रबंध संपवतो, आणि काहीच बदलत नाही.

म्हणून प्रश्न बदला. तडा गेला की पहिला फोन कोणाला जातो? दुरुस्तीचं बिल कोण भरतं? बिलातून रोखून ठेवलेली रक्कम कधी सुटते? गवंड्याला चौरस फुटावर पैसे मिळतात की रोजावर? मतं नंतर विचारा, आधी करार वाचा. करार सहज दाखवत नाहीत, हे खरं. पण एका साइटचा पूर्ण करार शंभर टिकमार्कांपेक्षा जास्त सांगतो.

उपायही याच अंगाने तपासा. माल पुरवणं आणि तो लावणं एकाच करारात दिलं तर काय होतं? काम सुरू होण्याआधी नमुन्याची भिंत बांधून कंपनी, कॉन्ट्रॅक्टर, बिल्डर तिघांनी सही केली तर? मात्र 'गॅरंटी' शब्दावर भाळू नका, अटी वाचा. फक्त माल बदलून मिळणार आणि मजुरी तुमची, असं असेल तर ती नुसती छापील टोलवाटोलवी.

मी माझी प्रश्नावली फेकली नाही. प्रत्येक कारणापुढे एक रकाना वाढवला : हे उत्तर देणाऱ्याच्या सोयीचं आहे का? 'माहितीचा अभाव' तिथेही पहिलाच आला.