प्वांकारेचा प्रश्न आणि मुंबईतील एक निबंध

संस्थितिविज्ञानातील, म्हणजेच टोपॉलॉजीतील, प्वांकारेच्या अटकळीविषयी जे सर्वसामान्य लेखन होते ते बहुधा ग्रिगोरी पेरेलमानच्या विरक्तीतच रमते. त्याने २००६ मध्ये फील्ड्स पदक व २०१० मध्ये दहा लाख डॉलरचे पारितोषिक नाकारले, या वार्तेपुढे मूळ प्रश्न मागे पडतो.

प्रश्न असा : परिमित व कडारहित अशा त्रिमितीय अवकाशातील प्रत्येक फास आक्रसत बिंदूपर्यंत आणता येत असेल, तर ते अवकाश म्हणजे त्रिमितीय गोलपृष्ठच असते काय? यातील मर्म वेरूळला प्रत्यक्ष पाहता येते. कैलास लेण्याच्या प्रांगणातील मोकळ्या ध्वजस्तंभाभोवतीचा दोरीचा फास माथ्यावरून काढून घेता येईल. तीन ताल लेण्यातील, जमीन व छत यांना जोडणाऱ्या खांबाभोवतीचा फास मात्र निघावयाचा नाही. १९०० मध्ये प्वांकारेने होमॉलॉजीची दुबळी अट पुरेशी मानली होती. १९०४ मध्ये स्वतःच प्रतिउदाहरण रचून त्याने ती मोडीत काढली व फासांची अट पुढे ठेवली. स्वतःचे विधान असे खोडणे हेही कर्तृत्वच होय.

पाच व अधिक मितींत स्मेलने १९६१ मध्ये, चार मितींत फ्रीडमनने १९८२ मध्ये उत्तर दिले. उरलेल्या तीन मितींसाठी हॅमिल्टनने रिची प्रवाह योजला. वक्रता उष्णतेसारखी पसरवून अवकाश सुडौल करणारे ते समीकरण. प्रवाहात जेथे अवकाशाची मान चिंबून तुटू पाहते तेथे शस्त्रक्रिया करावयाची, आणि मर्यादित काळात अशा शस्त्रक्रिया मर्यादितच राहतात हे दाखवावयाचे, हे पेरेलमानने २००२-०३ मधील तीन लेखांत साधले. त्यांची मांडणी मात्र अतिसंक्षिप्त आहे. ती उलगडण्यात इतरांची काही वर्षे गेली, आणि हा दोष लहान नव्हे.

या संदर्भात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सी. पी. रामानुजम यांच्या १९७१ मधील निबंधाची आठवण व्हावयास हवी. (हे श्रीनिवास रामानुजन नव्हेत, नामसादृश्याने घोटाळा होतो.) संपूर्णपणे बिंदूत आकुंचित होऊ शकणारे गुळगुळीत बैजिक पृष्ठ हे संमिश्र प्रतलच असते काय, हा त्यातील प्रश्न. नसते, असे त्यांनी उदाहरणाने दाखविले. आणि अनंताजवळील फासही आक्रसत असतील तर ते प्रतलच असते, हे सिद्ध केले. त्यांच्या पृष्ठाची अनंतस्थ कड होमॉलॉजीने गोलासारखी, परंतु तिच्यात फास अडकतात. १९०४ च्या प्रतिउदाहरणाच्याच जातीची वस्तू येथे बीजगणिताच्या दाराने आत आली. प्वांकारेची अटकळ तेव्हा असिद्ध होती, तथापि रामानुजम यांना तिची गरज भासली नाही. मंफर्डच्या १९६१ मधील पद्धतीच्या वळणाने, अनंतावरील वक्रांच्या जुळणीतून फासांचा गट मांडून, त्यांनी काम भागविले. पेरेलमानच्या सिद्धतेची झेप येथे नाही. पण वाचकास येथे अध्याहृत असे थोडेच सोसावे लागते.

त्या पृष्ठाचा रेषेशी गुणाकार केला असता संस्थितीच्या दृष्टीने सहा वास्तव मितींचे साधे अवकाश मिळते. बैजिक दृष्टीने ते त्रिमितीय संमिश्र अवकाश नव्हे, हे पुढे सिद्ध झाले. ते पाहण्यास रामानुजम नव्हते. १९७४ मध्येच ते निवर्तले होते.