मराठी श्राव्यपुस्तके : कथा, समाज आणि इतिहास

छापील ग्रंथ एका किंवा अनेक वाचकांच्या आवाजात संपूर्णपणे ध्वनिमुद्रित करून श्रोत्यापुढे ठेवला, की त्याला श्राव्यपुस्तक म्हणतात. नभोनाट्याची संहिता मुळातच कानासाठी लिहिलेली असते आणि कथाकथनात कथाकार समोरचा श्रोता पाहून मजकूर फुलवू किंवा आवरू शकतो. श्राव्यपुस्तकाच्या वाचकाला मात्र लेखकाचा शब्द बदलण्याची मुभा नसते, आणि उच्चार, गती, विराम व स्वर एवढ्या चार साधनांवरच त्याला काम भागवावे लागते. या बंधनामुळेच ती स्वतंत्र कला ठरते. म्हणून आवाज किती गोड आहे यापेक्षा गद्याची बांधणी कानाला कितपत उलगडली, हीच तिची खरी कसोटी मानली पाहिजे. मराठीत कथा-कादंबरी, समाजविषयक लेखन आणि इतिहास हे तिन्ही प्रकार आता ऐकायला मिळतात, परंतु ते बहुतांशी एकाच वाचनपद्धतीने वाचले जातात. परिणामी ही कला कथेत स्थिरावली आहे, समाजलेखनात चाचपडते आहे आणि इतिहासात कच्ची राहिली आहे. नागपूरच्या, म्हणजे वऱ्हाडी, नागपुरी आणि झाडी या बोलींच्या सीमेवर राहणाऱ्या श्रोत्याला तर हा फरक अधिकच जाणवतो.

ग्रंथ ऐकण्याची सवय मराठी समाजाला नवी नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटाने रिद्धपूर येथे चक्रधरांच्या आठवणी त्यांच्या सहवासात राहिलेल्या माणसांकडून ऐकून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, आणि पुढे श्रीधराचे ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ एकाने वाचावे व साऱ्या गावाने ऐकावे, ही चातुर्मासातील रीत शतकानुशतके चालत आली. मात्र पोथीवाचनाला ओवीच्या छंदाचा आणि श्रोत्याला आधीच ठाऊक असलेल्या कथेचा असे दोन भक्कम आधार होते. अपरिचित गद्य ऐकताना ते दोन्ही सुटतात. गद्य लोकांपर्यंत कानावाटे नेण्याचा प्रयत्न महात्मा फुल्यांनीही केला होता, कारण ‘शेतकऱ्याचा असूड’मधील भाग छापण्यापूर्वी त्यांनी ठिकठिकाणी वाचून दाखवले होते. विसाव्या शतकात ही जबाबदारी आकाशवाणीने उचलली, ज्यात १९४८ मध्ये सुरू झालेल्या नागपूर केंद्राचाही वाटा आहे. आणि साठच्या दशकापासून शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर व द. मा. मिरासदार या त्रयीने कथाकथनाला गावोगावचे व्यासपीठ मिळवून दिले. पु. ल. देशपांडे आणि व. पु. काळे यांच्या ध्वनिफिती घरोघरी वाजल्या, तेव्हा ‘ऐकण्याजोगे मराठी गद्य’ म्हणजे लेखकाने स्वतः रंगवून सांगितलेले, हशा आणि टाळ्या वसूल करणारे गद्य, असे समीकरण श्रोत्यांच्या मनात पक्के झाले. आजच्या श्राव्यपुस्तकांना हा वारसा लाभला आणि त्याच्या मर्यादाही त्यांच्या वाट्याला आल्या.

सध्याच्या बाजाराची घडण मासिक वर्गणीवर झाली आहे. स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतात आली तेव्हा तिने इंग्रजी व हिंदीच्या बरोबरीने मराठीलाही स्थान दिले, आणि पुढच्याच वर्षी ऑडिबलची भारतीय सेवा सुरू झाली. तीनशे पानांची कादंबरी वाचायला साधारण दहा तासांचे ध्वनिमुद्रण लागते. त्याखेरीज वाचकाचे मानधन, ध्वनिमुद्रणगृहाचे भाडे, चुकलेल्या ओळी पुन्हा वाचणे आणि छापील प्रतीशी ताडून ऐकणे, हा सारा खर्च ग्रंथ खपण्यापूर्वीच करावा लागतो. वर्गणीदार एका पुस्तकाला चिकटून राहावा, ही सेवा देणाऱ्याची गरज असल्याने रहस्यकथा, ऐतिहासिक कादंबरी आणि प्रेरणापर लेखन यांना झुकते माप मिळते, तर तळटिपांनी भरलेला इतिहासग्रंथ किंवा वैचारिक निबंधसंग्रह मागे पडतो. याच व्यवस्थेतून खास श्रवणासाठी भागाभागांत लिहिलेल्या मालिकाही आल्या. मूळ स्वीडिश कथेला मराठी शहराचा पोशाख चढवणारी ‘व्हायरस पुणे’ हे त्याचे ठळक उदाहरण. प्रत्येक भागाचा शेवट उत्कंठेवर आणून सोडण्याचे तंत्र अशा लेखनात चपखल बसते, परंतु तेच तंत्र संथ गतीच्या वाङ्मयीन कादंबरीच्या वाचनात शिरले की प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस विनाकारण आवाज चढतो आणि पार्श्वसंगीत घुसते.

कथात्म साहित्यातील यश मात्र मान्य केले पाहिजे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ची मांडणी एकामागून एक रात्री सांगितलेल्या आठवणींची आहे, त्यामुळे ते पुस्तक ऐकताना त्याच्या मूळ रूपाकडेच परतल्यासारखे होते. शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण ही पात्रे प्रथमपुरुषी निवेदन करतात, म्हणून तिथे निरनिराळे आवाज योजणे मजकुराशी सुसंगत ठरते. याउलट ‘कोसला’सारख्या कादंबरीत पांडुरंग सांगवीकरचे निवेदन वरवर निर्विकार, सपाट आणि भरधाव असते, आणि त्यातला विनोद व दुःख दोन्ही त्या सपाटपणातच दडलेले असते. वाचकाने दुःखाच्या जागी गहिवर आणि विनोदाच्या जागी मिस्कील सूर लावला, तर लेखकाने जाणूनबुजून राखलेले अंतर नष्ट होते. मराठी श्राव्यपुस्तकांचे बरेचसे वाचक रंगभूमीवरून किंवा मालिकांतून आलेले असल्यामुळे प्रत्येक संवाद वठवण्याची त्यांची प्रवृत्ती स्वाभाविक आहे, तथापि स्त्रीपात्रासाठी पुरुषाने आवाज बारीक करणे किंवा म्हाताऱ्यासाठी खोकल्याची उबळ आणणे, हे श्रोत्याच्या कल्पनाशक्तीवर अविश्वास दाखवण्यासारखे आहे. चांगला वाचक पात्राचा आवाज काढत नाही. बोलणारा बदलला एवढे लयीतील सूक्ष्म फरकाने सुचवून तो पुढे जातो.

बोलीच्या बाबतीत संवाद वठवण्याचा हा दोष फार महाग पडतो. उद्धव शेळके यांची ‘धग’ ही १९६० मध्ये प्रसिद्ध झालेली कादंबरी वऱ्हाडातील शिंपी कुटुंबाची कहाणी आहे, आणि कौतिक, तिचा नवरा महादेव व मुले यांच्या तोंडची भाषा अस्सल वऱ्हाडी आहे. ‘मला’ऐवजी ‘मले’, ‘का’ऐवजी ‘काहून’, ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ आणि ‘येतो आहे’ऐवजी ‘येऊन राह्यला’ ही रूपे कागदावर आली, तरी त्यांचा हेल कागदावर उतरत नाही. तो वाचकाच्या कानात आधीपासून असावा लागतो. ज्याने वऱ्हाडी केवळ प्रहसनांतून आणि विनोदी कार्यक्रमांतून ऐकली आहे, तो ‘डोया’वर नकळत जोर देतो आणि शेवटचा स्वर लांबवतो, आणि मग उपाशी मुलांसाठी झगडणाऱ्या कौतिकच्या तोंडचे वाक्य श्रोत्याला हसवू लागते. ही बोली गंभीर आशय पेलू शकते याचा ध्वनिपुरावा उपलब्ध आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे गाडगेबाबा यांचे १९५६ मधील वांद्रे येथील कीर्तन ध्वनिमुद्रित झालेले असून, श्रोत्यांना प्रश्न विचारत, त्यांच्याकडून उत्तर वदवून घेत आणि त्या उत्तराचाच आधार घेऊन अंधश्रद्धेवर घाव घालत जाणारे ते बोलणे ऐकले, की वऱ्हाडीचा खरा ताल कोणता हे वेगळे सांगावे लागत नाही. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’पर्यंतची विदर्भातील कादंबरी ध्वनिमुद्रित करताना अशा नमुन्यांचा अभ्यास ही किमान पूर्वतयारी ठरावी.

समाजविषयक लेखनात प्रश्न हेलाइतकाच भूमिकेचा असतो. दया पवार यांच्या ‘बलुतं’पासून पुढे आलेली दलित आत्मकथने बोलत्या भाषेच्या जवळची असल्याने ती ऐकण्यास सोयीची आहेत, असा सर्वसाधारण समज आहे, आणि तो निम्माच खरा आहे. वसंत मून यांचे ‘वस्ती’ हे आत्मकथन नागपूरच्या सीताबर्डीलगतच्या महारपुऱ्याचे चित्र उभे करते. त्यात दारिद्र्य आहे, तसेच आंबेडकरी चळवळीने घडवलेला आत्मविश्वास, आखाडे, सभा आणि अभ्यासाची ओढही आहे. असे पुस्तक सुरुवातीपासून शेवटपर्यंत करुण सुरात वाचले, तर श्रोत्याला दया वाटते, पण वस्तीने कमावलेली ताठ मान त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. नागपूरच्याच कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’मधील संस्कृत शिक्षणाची कहाणी तर वाचनकलेची कठोर परीक्षाच घेते, कारण दलित स्त्रीने संस्कृत शिकावे आणि शिकवावे याला समाजाने केलेला विरोध हाच तिचा विषय आहे. ते प्रकरण वाचणाऱ्याचे संस्कृत उच्चार अडखळले, तर लेखिकेने आयुष्यभर जे खोटे ठरवले त्यालाच पुष्टी मिळते. आणि ते प्रौढीने घुमवले, तर तिच्या विरोधकांचाच सूर कानी पडतो. तिथे हवी ती स्वच्छ, सहज आणि हक्काची वाणी. आत्मकथनांच्या पलीकडे, म्हणजे समाजशास्त्रीय विवेचन, शेतीचे अर्थकारण किंवा जातिव्यवस्थेची चिकित्सा या क्षेत्रांत, मराठी श्राव्यपुस्तकांनी अद्याप पुरेसे पाऊल टाकलेले नाही.

सर्वांत दुबळी बाजू इतिहासाची आहे. मराठी श्रोत्याच्या कानावर इतिहास आला तो मुख्यतः पोवाडा, कीर्तन आणि व्याख्यान यांतून. बाबासाहेब पुरंदरे यांच्या वक्तृत्वाने तर शिवचरित्र ऐकण्याची एक रीतच घालून दिली. त्यांचे गद्य मुळातच वक्तृत्वपूर्ण असल्यामुळे तशा वाचनाला ते साथ देते, परंतु त्र्यं. शं. शेजवलकर यांच्या पानिपतविषयक ग्रंथासारखे युक्तिवादाचे लेखन त्याच आवेशात वाचले, तर पुरावा आणि अनुमान यांतील फरकच पुसला जातो. ‘असे दिसते’, ‘असे म्हणतात’ आणि ‘असे सिद्ध होते’ या तीन शब्दप्रयोगांना इतिहासलेखनात तीन वेगळी वजने असतात, आणि वाचकाच्या आवाजात ती वजने उतरली पाहिजेत.

अडचण किती व्यावहारिक आहे, हे नागपूरकर भोसल्यांच्या इतिहासावरून कळते. या घराण्यात रघूजी नावाचे तीन राज्यकर्ते झाले. पहिले १७५५ मध्ये वारले, दुसरे १८१६ मध्ये आणि तिसरे १८५३ मध्ये, व त्यानंतर राज्य खालसा झाले. मधल्या काळात मुधोजी नावाचे दोघे येतात, आणि त्यांतील दुसरे म्हणजेच नोव्हेंबर १८१७ मधील सीताबर्डीच्या लढाईच्या वेळचे अप्पासाहेब. या. मा. काळे यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ हातात धरून वाचणारा माणूस शंका आली की दोन पाने मागे उलटतो. भांडी घासताना किंवा वर्धा मार्गावर गाडी चालवताना ऐकणाऱ्याला ती सोय नसते, आणि चौथ्या प्रकरणापर्यंत कोणते रघूजी बंगालवर गेले आणि कोणत्या रघूजींनी इंग्रजांशी तह केला, याचा गोंधळ उडतो. यावरचे उपाय अवघड नाहीत. प्रत्येक उल्लेखात ‘पहिले’ किंवा ‘दुसरे’ हे विशेषण उच्चारणे, प्रकरणाच्या आरंभी कालखंड सांगणे, वंशावळ व नकाशा वेगळ्या फायलीत जोडणे आणि महत्त्वाच्या तळटिपा निराळ्या आवाजात मुख्य मजकुरात ओवणे एवढे केले तरी पुरते. मात्र त्यासाठी श्रवणाच्या अंगाने पाहणारा संपादक नेमावा लागतो, आणि हे पद मराठीत अजून रुजलेले नाही.

संपादनाच्या अभावाची दुसरी खूण म्हणजे आवृत्तीचा उल्लेख नसणे. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ हा सत्तावन्नच्या उठावाचा वृत्तांत एका जातिवंत गोष्टीवेल्हाळ माणसाने लिहिलेला असल्याने ऐकण्यासाठी आदर्श आहे, पण १९०७ मध्ये चिं. वि. वैद्य यांनी छापलेली प्रत बदल केलेली होती आणि मूळ पाठ १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदार यांनी प्रसिद्ध केला. यांपैकी कोणता पाठ वाचला जात आहे, हे आरंभीच न सांगणारे श्राव्यपुस्तक अभ्यासकाच्या उपयोगाचे नसते.

अंध श्रोत्यांच्या दृष्टीने ही उणीव अधिकच गंभीर आहे, कारण डोळस श्रोत्याला छापील प्रतीचा पर्याय असतो, त्यांना नसतो. २०१२ च्या दुरुस्तीनुसार भारतीय प्रताधिकार कायद्याने अपंग व्यक्तींसाठी सुलभ स्वरूपातील प्रती तयार करण्यास मुभा दिली आहे, आणि अशाच प्रतींविषयीच्या २०१३ च्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारतच होता. अशा प्रतींसाठी वापरल्या जाणाऱ्या डेझी या पद्धतीत प्रकरण, उपशीर्षक आणि पृष्ठक्रमांक यांवरून हव्या त्या जागी जाता येते. व्यापारी सेवांनी निदान वैचारिक ग्रंथांपुरती तरी ही सोय उचलावी. संगणकाने निर्माण केलेल्या आवाजामुळे खर्च कमी होईल हे खरे, परंतु ‘जग’ हा शब्द दुनिया या अर्थी आणि ‘जगणे’ या अर्थी वेगळा उच्चारला जातो, हे संदर्भावरून ओळखण्याची जबाबदारी शेवटी माणसालाच घ्यावी लागेल.

नागपुरात अशा संपादित ध्वनिमुद्रणासाठी लागणारी सामग्री विखुरलेल्या स्वरूपात आहे. विदर्भ साहित्य संघ आणि नागपूर विद्यापीठ या दोन्ही संस्था १९२३ च्या आहेत, आकाशवाणीचे केंद्र आहे, बोली जाणणारे नाट्यकर्मी आहेत. शिवाय लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे लोटली की त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेला ग्रंथ प्रताधिकारमुक्त होत असल्याने फुले, हरि नारायण आपटे आणि डॉ. आंबेडकर यांचे तसे लेखन ध्वनिमुद्रित करण्यास कुणाची परवानगी लागत नाही. मराठी श्राव्यपुस्तकाने श्रोता मिळवला आहे, पण त्याला जाणता श्रोता मानून वाचायला ते अजून शिकलेले नाही. विदर्भातील संस्थांनी एकत्र येऊन एक वऱ्हाडी कादंबरी, एक आत्मकथन आणि एक इतिहासग्रंथ यांचे संपादित, आवृत्तीच्या उल्लेखानिशी व वंशावळीसह ध्वनिमुद्रण करावे. पुण्या-मुंबईच्या निर्मात्यांना दाखवण्यासाठी तेवढा नमुना पुरेसा ठरेल.