खिडकी आणि तिच्यामागचा संवाद

डोंबिवली स्थानकातून लोकल सुटताना आपण कधी लक्षपूर्वक ऐकले आहे का? मागच्या डब्यातला गार्ड दोन घंटा देतो, मोटरमन दोन घंटा देऊन त्याची पोच देतो आणि मगच गाडी हलते. दोघे एकमेकांना दिसत नाहीत. पण कोणी केव्हा बोलायचे आणि दुसऱ्याने ऐकले हे कसे ओळखायचे, एवढे ठरलेले असते. एका संगणक-प्रोग्रॅमकडून दुसऱ्याला काम सांगायचे झाले की हाच प्रश्न उभा राहतो. ठाणे-कल्याण परिसरातील इलेक्ट्रॉनिक्सच्या शिक्षकांच्या उपयोगाच्या 'ई-सिम' या साधनाकडे आज याच दृष्टीने पाहू.

ई-सिम हे पवईच्या आयआयटी मुंबईतील 'फॉसी' प्रकल्पात तयार झाले. पूर्वी त्याचे नाव 'ऑस्कॅड' होते. ते विनामूल्य मिळते आणि त्याची मूळ संहिता कोणालाही वाचता येते. मात्र ई-सिम स्वतः परिपथ सोडवत नाही. परिपथाची आकृती 'कीकॅड' काढते आणि आकडेमोड 'एनजीस्पाइस' करते. एनजीस्पाइस ज्या 'स्पाइस'चा वंशज आहे, तो प्रोग्रॅम १९७३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कली येथे लॉरेन्स नेगल यांनी डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली तयार केला.

एनजीस्पाइसशी कळफलकावरून थेट बोलता येते. ते आपले नाव, एक क्रमांक आणि बाण पडद्यावर दाखवून वाट पाहते. आपण 'रन' म्हटले की ते गणित सोडवते, 'प्लॉट' म्हटले की आलेख काढते आणि पुन्हा बाण दाखवते. खिडकीवाल्या प्रोग्रॅमने माणसाऐवजी हे बोलणे कसे करावे? त्याचे दोन मार्ग आहेत. एक लेखी परीक्षेसारखा, दुसरा तोंडी परीक्षेसारखा.

ई-सिमचा भर लेखी मार्गावर आहे. आकृतीवरून तयार झालेल्या परिपथाच्या वर्णनाखाली ते आज्ञांचा एक तुकडा जोडते : गणित चालव, सर्व विद्युतदाब या फाइलमध्ये लिही, सर्व प्रवाह त्या फाइलमध्ये लिही. मग त्या फाइली वाचून आलेख काढला जातो. ही निवड मला योग्य वाटते. ती सोपी आहे आणि मुख्य म्हणजे उघडी आहे. विद्यार्थी ती फाइल साध्या संपादकात उघडून आपल्या नावाने काय विचारले गेले, ते वाचू शकतो.

तोंडी मार्गाचे उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकेतील डॉन लाइब्स यांनी १९९० साली जगापुढे ठेवलेला 'एक्स्पेक्ट'. त्याचे सार चार शब्दांत आहे : प्रोग्रॅम सुरू कर, अमुक मजकुराची वाट पाहा, उत्तर पाठव, आणि हवे तेव्हा सूत्रे माणसाच्या हाती दे. यातली मेख अशी की समोर पडदा असेल, तर बहुतेक प्रोग्रॅम ओळ पुरी होताच ती बाहेर टाकतात. पण समोर दुसऱ्या प्रोग्रॅमला जोडलेली नळी असेल, तर काही हजार अक्षरे साठेपर्यंत ती आतच ठेवतात. मग हा उत्तराची वाट पाहतो, तो पुढच्या आज्ञेची, आणि दोघेही गप्प बसतात. एक्स्पेक्ट समोर आभासी पडदा उभा करून ही कोंडी फोडते. शिवाय उत्तर आले नाही, तर ठरावीक वेळाने वाट पाहणे सोडते. हा वेळ मुद्दाम बदलला नाही, तर १० सेकंद असतो.

लेखी मार्गातली उणीव मला स्वतःच्या चुकीतून कळली. एनजीस्पाइस चालवणारी एक छोटी खिडकी मी लिहिली होती. एकदा गणित मध्येच अडले, नवी फाइल तयार झालीच नाही आणि माझ्या खिडकीने फोल्डरमधल्या कालच्या फाइलचा आलेख काढून दाखवला. एका कार्यशाळेत तो आलेख मी पंधरा मिनिटे आत्मविश्वासाने समजावून सांगत होतो. त्रुटीचा संदेश आला होता, पण माझ्या खिडकीने तो वाचला नव्हता. गार्डने घंटा दिली, पोच मिळाली नाही, आणि तरी मी गाडी सुटली असे धरून चाललो होतो.

काही वेळा तर संदेशही येत नाही. स्पाइसमध्ये लहान-मोठ्या अक्षरांत भेद नाही. 'एम' म्हणजे नेहमी मिली. मेगासाठी 'मेग' लिहावे लागते. १ मेगाओहम आणि १ मायक्रोफॅरड यांचा कालांक १ सेकंद. पण विद्यार्थ्याने '१ एम' लिहिले आणि खिडकीने ते तसेच पुढे पाठवले, तर रोध १ मिलीओहम धरला जातो आणि कालांक १ नॅनोसेकंद होतो. अब्जपट चूक, आणि आलेख मात्र सुबक!

म्हणून अशा साधनांची परीक्षा मी तीन प्रश्नांनी करतो. पलीकडचा प्रोग्रॅम काम पुरे करेपर्यंत ते थांबते का? त्याची तक्रार ते वाचते का? आणि दोघांतले बोलणे विद्यार्थ्याला दाखवते का? तिसऱ्या प्रश्नात ई-सिम चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होते. पहिल्या दोन प्रश्नांबाबत निव्वळ साधनावर विसंबू नये. तिथे शिक्षकानेच जागे राहावे.

पहिल्या तासाला खिडकी उघडूच नका, असे मी सुचवीन. १ किलोओहम, १ मायक्रोफॅरड आणि ५ व्होल्ट एवढाच परिपथ मुलांना हाताने टंकित करू द्या आणि बाणासमोर स्वतः 'रन' म्हणू द्या. १ मिलिसेकंदाला धारित्रावरचा दाब सुमारे ३.१६ व्होल्ट, म्हणजे ६३ टक्के, यायला हवा. तो आधी कागदावर काढून घ्या. दुसऱ्या तासाला खुशाल खिडकी वापरा. तोपर्यंत मुलांना तिच्यामागे कोण बोलते आहे ते ठाऊक झालेले असेल, आणि आलेख चुकला तर चौकशी कोणाकडे करायची, हेही.